वस्तादाच्या नाकावर चिमटा

रविवारी दुपारची जेवणं उरकली की केरबा वस्तादांच्या घरात एक कार्यक्रम ठरलेला असे. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, घोंगड्यावर त्यांचा सहा वर्षांचा नातू राजवीर झोपलेला असायचा, आणि वस्ताद आल्यागेल्याला ओठांवर बोट ठेवून खुणेनं आत बोलवायचे.

"गप. ऐका जरा."

पोरगं घोरायचं. साधंसुधं नव्हे, वखारीत करवत चालावी तसं. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज कसा निघतो याचं पावण्यांना नवल वाटायचं आणि वस्तादांची मान ताठ व्हायची.

"आमी तालमीत झोपलो की पल्याडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. रक्त हाय ते. आवाज बगा, आवाज! ह्यो मैदान मारनार."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांची सून पूर्णिमा हे ऐकायची. तिला मात्र घोरण्यापेक्षा मधली शांतता ऐकू यायची. करवत चालता चालता एकदम थांबायची. पोराची छाती हलायची, पण हवा आत जायची नाही. गळ्याखालची खळगी खोल ओढली जायची, मान मागे पडायची, आणि मग पाण्यातून डोकं बाहेर काढावं तसा हिसका देऊन श्वास परत यायचा. पावणे तेवढ्यात सुपारी कातरत असायचे.

त्या रविवारी तिनं ओल्या हातानंच सोप्यात येऊन राजवीरला कुशीवर वळवलं. घोरणं अर्ध्यावर आलं.

"आगं, झोपू दे की त्याला," वस्ताद म्हणाले. "पावनं ऐकालेत."

"बास झालं, मामा. पोरगं काय रेडिओ न्हाई, पावण्यांना ऐकवायला."

पावण्यांनी टोप्या उचलल्या. या घरात वस्तादांपुढं त्यांच्या मुलाचाही आवाज चढत नसे, आणि मुरगूडहून आलेली ही सून चारचौघांत बोलून मोकळी झाली होती. आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगून टाकावं, असं तिनं ठरवलं.

"गुरुवारी त्याचं ऑपरेशन हाय. तारीख घेऊन आलीय मी."

खरं तर हे सगळं दुधाच्या पेल्यापासून सुरू झालं होतं. राजवीर दूध एका दमात पीत नसे. एक घोट, की पेला खाली, तोंड उघडं, धापा. मग दुसरा घोट. घरात सगळे म्हणायचे, नाटकं करतंय. पूर्णिमाही वर्षभर तेच म्हणत होती, रागवत होती. मग एक दिवस तिनं नुसतं बसून पाहिलं. पोरगं दुधाला कंटाळत नव्हतं. ते दूध आणि हवा यांतलं एक काहीतरी निवडत होतं, दर घोटाला.

एकदा दिसायला लागल्यावर मग सगळंच दिसायला लागलं. टीव्हीपुढं बसलं की तोंड उघडं. चित्र काढताना उघडं. ओठ कायम फुटलेले, डोळ्यांखाली काळं. मम्मी म्हणताना म उमटायचाच नाही, कायम सर्दी झाल्यासारखं बोलणं. अंथरूण अजून ओलं व्हायचं. शाळेच्या बाईंनी बोलावून घेतलं होतं, वर्गात पेंगतो, सांगितलेलं ऐकत नाही. शेजारच्या पोरांच्या चड्ड्या दर उन्हाळ्यात आखूड व्हायच्या. राजवीरची गेल्या दिवाळीची अजून व्यवस्थित बसत होती. तिनं मोबाइलमधले जुने फोटो काढले. तीन वर्षांचा होता तेव्हा चेहरा कसा गोल, भाकरीसारखा. आता हनुवटी खाली ओढल्यासारखी लांबली होती, आणि वरचे दोन नवे दात एकमेकांवर चढून येत होते. प्रत्येक फोटोत ओठांमध्ये फट.

राजारामपुरीतल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला होता.

"ही गाठ बघा, नाकाच्या मागं, टाळूच्या वर. अ‍ॅडेनॉइड म्हणतात. सगळ्याच मुलांना असते, पण याची इतकी वाढलीय की हवेला रेघेएवढी वाट उरलीय. म्हणून हा तोंडानं श्वास घेतो."

"तोंडानं घेतला तर एवढं काय बिघडतं, मॅडम? हवा तर तीच."

"तोंड उघडं म्हणजे जीभ खाली. जीभ टाळूला टेकून राहिली तर वरचा जबडा रुंद होतो. ती टेकतच नाही, मग जबडा अरुंद होतो, दातांना जागा पुरत नाही, चेहरा लांबत जातो. आणि झोप सारखी तुटते. मुलं गाढ झोपेत वाढतात हो. याला गाढ झोप लागतच नाही."

आधी नाकात मारायचा फवारा दिला. तिनं तो नेमानं मारला, सकाळ-संध्याकाळ, पोरगं रडलं तरी. फरक पडला नाही. घोरताना श्वास थांबल्याचा व्हिडिओ डॉक्टरीणबाईंनी दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, आता वाट पाहण्यात अर्थ नाही.

हे सगळं तिनं त्या रविवारी सोप्यात सांगितलं. फोटो दाखवले. वस्तादांनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही.

"माज्या नातवाच्या नरड्याला सुरी लागनार न्हाय," ते म्हणाले.

सासू धोंडुबाई आतून पदर खोचत आल्या. "कालिजात बेडकं कापून आलीया, आता पोटचं पोर कापाय निघाली. आगं, नरडं कापलं की आवाज जातोय मानसाचा. आमच्या चुलतीच्या भावाचा गेलता."

बी.एस्सी.ला पूर्णिमानं एकही बेडूक कापला नव्हता. तिच्या वेळेपर्यंत ते बंदच झालं होतं. पण हे त्यांना कोण सांगणार?

"आत्या, नरडं न्हाई कापत. तोंडातनं आत जाऊन गाठ काढत्यात. टाकासुद्धा पडत न्हाई."

"पोराला खुराक कमी पडालाय," वस्तादांनी निकाल दिला. "हिच्या हातनं दूध जात न्हाय त्याला. आता दूध कट्ट्यावर नेऊन मीच पाजतो. भरला पेला. बगू कसा ऱ्हातोय बारका."

तिचा नवरा विजयसिंह शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता. चार माणसांत ठासून बोलणारा गडी, पण बापापुढं उभा राहिला की शाळेतला पोरगा. खोलीत आल्यावर म्हणाला, "आबा एवढं म्हणालेत तर वर्षभर थांबूया की. मोठा झाला की आपसूक कमी होतं म्हणं."

"थांबूया," पूर्णिमा म्हणाली. "वर्षभर तुम्ही नाक बांधून ऱ्हावा. जेवा, झोपा, फौंड्रीत जावा. चालंल?"

त्या रात्री विजयसिंह उशीवर कोपर टेकून पोराकडं बघत राहिला, आणि सकाळी तिला म्हणाला, "गुरुवारी रजा टाकलीय."

एक जण फुटला होता. पण घरातला खरा दरवाजा वस्तादांच्या ताब्यात होता. तिला एकटीलाही जाता आलं असतं, सही तिची चालणार होती. पण ऑपरेशन झाल्यावरही पोराला याच घरात राहायचं होतं, याच माणसाच्या हातचं खायचं-प्यायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी वस्ताद राजवीरला घेऊन दूध कट्ट्यावर गेले. गंगावेशीत रोज संध्याकाळी म्हशी ओळीनं उभ्या राहतात, गिऱ्हाइकापुढं धार काढून फेसाळता पेला हातात देतात. वस्तादांच्या दोन म्हशी तिथं असायच्या, आणि त्यांच्याभोवती तालमीतली जुनी मंडळी. पूर्णिमा वाळलेले कपडे काढत होती. काढताना चिमटे ओढणीच्या काठाला लावत जायची तिची सवय. पोरगं नेलं म्हणून कळलं तशी ती कपडे खाटेवर टाकून तशीच निघाली.

ती पोचली तेव्हा राजवीर दोन्ही हातांत मोठा पेला धरून उभा होता, आणि वस्तादांचा पंजा त्याच्या पाठीवर होता.

"खाली ठेवायचा न्हाय. एका दमात. हाण!"

पोरानं दोन घोट घेतले. तिसऱ्याला डोळे मोठे झाले. पेला तोंडाला, पंजा पाठीला. चौथ्या घोटाला ठसका लागला आणि दूध नाकातोंडातून बाहेर आलं, शर्टावर, वस्तादांच्या धोतरावर.

कट्टा हसला. "वस्ताद, नातू म्हशीला भ्यालाय वाटतं!" गणपतराव म्हणाले. ते जुने जोडीदार, वस्तादांची टिंगल करायचा हक्क असलेले एकटेच.

पूर्णिमानं पोराला जवळ ओढलं, तोंड पुसलं. तो खोकत होता आणि खोकता खोकता माफी मागत होता. ते माफी मागणं तिला सहन झालं नाही. ओढणीचा एक चिमटा तिनं काढला.

"मामा, एक पेला भरा. तुमच्यासाठी."

"मला कशाला?"

"हा चिमटा नाकाला लावायचा आणि प्यायचा."

कट्ट्यावर गलका झाला. "आयला! सुनबाईनं शड्डू ठोकला की वस्ताद!" "पैज काय, पैज काय?"

"पैज न्हाई," पूर्णिमा मोठ्यानं म्हणाली. सगळा कट्टा वळून बघत होता, तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण आवाज हलला नाही. "पोराचं ऑपरेशन मी पैजेवर लावत न्हाई. उद्या ते होणार म्हणजे होणार. मामांनी नुसतं बघायचं, पोराला कसं होतंय ते."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. एवढ्या माणसांत माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चिमटा नाकाला लावला, पेला उचलला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत रिकामा केला. थेंबसुद्धा सांडला नाही. टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली. चिमट्यामुळं चोंदलेल्या आवाजात वस्ताद म्हणाले, "झालं समाधान?"

ती हरली असं सगळ्यांना वाटलं. क्षणभर तिलाही वाटलं. तालमीत दम कमावलेला माणूस एक पेला श्वास रोखून पिणारच. हे आधी लक्षात कसं आलं नाही? मग तिनं पोराकडं पाहिलं. तो आजोबांच्या नाकावरच्या चिमट्याकडं तोंड उघडं टाकून बघत होता.

"एक पेला प्यायलात," ती म्हणाली. "राजवीरला सुटी नसते, मामा. चिमटा काढू नका. घरी चला, जेवायला बसा."

"व्हय की वस्ताद," गणपतरावांना भलताच चेव आला. "पेला तर पोरंबी मारत्यात. जेवून दावा!"

मग काय. वस्ताद गल्लीतून चिमटा लावूनच घरी आले, म्हशींच्या पुढं, मान ताठ ठेवून. समोरून येणारी माणसं थांबून बघत होती.

बुधवार म्हणजे मटणाचा वार. धोंडुबाईंनी नवऱ्याच्या नाकावर चिमटा बघून कपाळाला हात लावला, पण ताट वाढलं. वस्तादांनी भाकरी मोडली, तांबड्या रश्श्यात बुडवली, मोठा घास घेतला आणि चावायला लागले. चार वेळा जबडा हलला. मग डोळे थांबले. घास तोंडात, आणि हवा यायला दुसरी वाटच नाही. त्यांनी तोंड उघडलं, घासासकट हवा ओढली, रस्सा मिशीवर आला.

"मीठ घातलं न्हाईस काय?" ते गुरगुरले.

"घातलंय की! रोजच्यागत घातलंय," धोंडुबाई दुखावल्या.

दुसरा घास. तिसरा. वस्ताद भराभर गिळायला लागले, न चावता. मटणाचा तुकडा तोंडात फिरवत बसले, गिळावा तर मोठा, चावावा तर दम पुरेना. कपाळावर घाम आला. कुस्तीत कधी न हरलेला माणूस अर्ध्या भाकरीशी झटत होता. विजयसिंह खाली मान घालून जेवत होता. पूर्णिमा उभी होती.

बोलला तो राजवीर. आजोबांच्या ताटाशेजारी मांडी घालून बसलेला, त्यांच्याच लयीत जेवणारा.

"आबा, असं न्हाय. आधी तोंडानं मोठ्ठा श्वास घ्यायचा. मग ल्हान घास. दोनदा चावायचं. मग तोंड उघडायचं, परत श्वास. मग ऱ्हायलेलं चावायचं."

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

"आन् रस्सा वरपायचा न्हाय," पोरगं समजावत होतं. "बुडल्यागत होतंय. मटण मी बाजूला ठेवतो. ते लई वेळ लागतंय."

"कुनी शिकिवलं रं तुला ह्ये?"

"कुणी न्हाय." राजवीरला प्रश्नच कळला नव्हता. "सगळी असंच जेवत्यात की."

वस्तादांनी चिमटा काढला. नाकावर दोन्ही बाजूंना लाल वळ उठले होते. त्यांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी आणि मटण तसंच होतं. मग ते उठून गोठ्यात गेले, आणि बराच वेळ म्हशींच्या पाठी चोळत राहिले.

"कमीच पडलं असंल मीठ," धोंडुबाई स्वतःशी म्हणाल्या आणि बोटानं रस्सा चाखून बघितला.

सकाळी विजयसिंहनं गाडी काढली. पोराला काही खायला-प्यायला द्यायचं नव्हतं आणि धोंडुबाई पेढा घेऊन मागं लागल्या होत्या, देवाचा म्हणून. पूर्णिमानं तो पेढा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"देवाला पोचला, आत्या."

वस्ताद उंबऱ्यात बसले होते. "मी येनार न्हाय. मला बगवायचं न्हाय."

"नका येऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि विनवणीही नव्हती. "धारा काढायच्या आहेत तुम्हाला."

ती गाडीवर बसली. गाडी वळायच्या आधी वस्ताद उठले आणि पोराच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. एवढंच.

कागदावर तिनं सही केली. नंतर वाट बघत बसली तेव्हा तिनं मनातल्या मनात त्या सगळ्या पावण्यांना शिव्या दिल्या, सुपारी कातरत पोराचा गुदमरलेला श्वास ऐकणाऱ्यांना, आणि वर्षभर नाटकं म्हणून पोराला रागावणाऱ्या स्वतःलाही एक घातली. पोरगं बाहेर आलं तेव्हा अर्धवट गुंगीत होतं, ओठावर सुकलेलं रक्त. शुद्धीवर येताच आधी आइस्क्रीम मागितलं. फोनवर धोंडुबाईंनी तीन-तीनदा विचारलं, "आवाज हाय न्हवं? बोलतंय न्हवं?" आणि राजवीरनं घसा दुखत असतानाही ओरडून सांगितलं, "आज्जे, दोन आइस्क्रीम देनारायत!"

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वाट मोकळी झाली, सवय इतक्यात जाणार नाही. ती गेलीही नाही. तोंड मिट, तोंड मिट म्हणून पूर्णिमाच्या तोंडाला फेस आला, पोरगं वैतागलं. दातांचं पुढं काय ते दातांचे डॉक्टर बघणार होते. पण अंथरूण कोरडं राहायला लागलं. आणि रविवारच्या दुपारी सोपा शांत असायचा. पहिल्या रविवारी तर वस्ताद दोनदा उठून पोराच्या नाकाखाली बोट धरून आले. आवाज नाही म्हटल्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पुढं पावसाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी पूर्णिमाच राजवीरला कट्ट्यावर घेऊन गेली. तिला बघायचं होतं. वस्तादांनी धार काढली, पेला भरला, हातात दिला. या खेपेला पंजा पाठीवर ठेवला नाही.

राजवीरनं एक घोट घेतला आणि सवयीनं पेला खाली आणला, तोंड उघडलं. मग थांबला. काहीतरी हरवल्यासारखा आईकडं बघायला लागला. धाप लागलीच नव्हती. त्यानं पेला पुन्हा ओठांना लावला. दुसरा घोट, तिसरा, चौथा. नाकपुड्या हलत होत्या. पेला तिरका होत होत पालथा झाला.

"वस्ताद," गणपतराव पलीकडून ओरडले, "पैलवान घोरायचा बंद झाला म्हनं तुमचा! डाक्टरनं सगळा जोर काढून घेतला की वो. सुनंनं हरवलं तुम्हाला!"

कट्टा हसला. पूर्णिमाचं अंग पुन्हा तापलं, उत्तर जिभेवर आलं. पण वस्तादांनी दुधाची कासंडी खाली ठेवली, कोपरीच्या खिशात हात घातला आणि चिमटा बाहेर काढला. तोच, निळा, तिच्या दोरीवरचा. इतके दिवस ती सहा चिमट्यांत एक कमी म्हणून शोधत होती.

"धर," ते गणपतरावांना म्हणाले. हसले नाहीत. "लाव नाकाला. घरी जा, जेव पोटभर. मग ये, आन् माज्या नातवाबद्दल बोल."

गणपतरावांनी चिमट्याकडं पाहिलं, मग वस्तादांकडं. आजूबाजूचं हसू विरलं.

"मटण करायला सांगा," पूर्णिमा म्हणाली. "आणि घरी काकींना आधीच सांगून ठेवा, चव लागणार न्हाई. न्हाईतर उगंच मिठावरनं भांडण लागंल."

राजवीरनं रिकामा पेला आजोबांपुढं धरला. वर दुधाची पांढरी मिशी, आणि खाली ओठ मिटलेले.